काट्यावरचे किलो नेमके कुणाचे?

व्यायामशाळेतलं विज्ञान : भाग ६

शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत मंचाआधी काटा येतो. ५५, ६०, ६५, ७० किलो असे गट पडतात, आणि गट चुकू नये म्हणून शेवटच्या रात्री कुणी थुंकी गाळत बसतो, कुणी स्वेटर घालून जिना चढउतार करतो. पण काट्याचं काम गट ठरवण्यापुरतंच. सत्तर किलोच्या गटात दहा जण उभे राहिले की पंचांना दिसतं ते वेगळंच. एकाच्या मांडीवर धागा न् धागा मोजता येतो, दुसऱ्याच्या कंबरेवर अजून मऊ वळी आहे. वजन तेच, माल वेगळा.

हा फरक आकड्यात मांडला एका नौदलाच्या डॉक्टरने. अमेरिकन नौदलातले अल्बर्ट बेन्की मुळात पाणबुड्यांच्या तब्येतीचा अभ्यास करत होते. खोल पाण्यात नायट्रोजन चरबीत जास्त विरघळतो, म्हणून माणसात चरबी किती आहे हे त्यांना मोजायचं होतं. १९४२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २५ व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटूंना पाण्याखाली बुडवून तोललं. उंची-वजनाच्या प्रचलित तक्त्यांनुसार त्यातले १७ जण ‘अतिवजनी’, म्हणजे लष्करी सेवेला अपात्र ठरत होते. प्रत्यक्षात त्यांच्या शरीराची घनता भरपूर निघाली. वजन चरबीचं नव्हतंच.

यामागचं गणित साधं आहे. चरबीची घनता पाण्याहून कमी, साधारण ०.९; बाकी शरीराची सुमारे १.१. म्हणून शरीराची एकूण घनता कळली की चरबीचा वाटा काढता येतो. विल्यम सिरी यांचं सूत्र आजही वापरात आहे : ४९५ भागिले घनता, वजा ४५०. घनता १.०७ असेल तर चरबी १२.६ टक्के. उरलेलं सगळं जिममधल्या बोलीत ‘लीन मास’.

‘लीन मास’ म्हणजे मसल, असं इथे बहुतेक जण समजतात, आणि घोळ तिथेच होतो. त्यात हाडं आहेत, यकृत आहे, रक्त आहे, कातडी आहे. सगळ्यात जास्त आहे पाणी, जवळपास ७३ टक्के. बेन्की यांच्या मूळ व्याख्येत तर मज्जा, मज्जातंतू आणि अवयवांमधली थोडी अत्यावश्यक चरबीसुद्धा धरलेली होती.

उदाहरण घेऊ. ८० किलोचा एक गडी, चरबी १५ टक्के. म्हणजे १२ किलो चरबी, ६८ किलो लीन. चार महिने कटिंग करून तो ७२ किलोवर आला, चरबी ८ टक्के. आता चरबी पावणेसहा किलोच्या आसपास आणि लीन ६६.२. पोरगा हादरतो : पावणेदोन किलो मसल गेलं! गेलंच असेल असं नाही. स्नायूंमध्ये ग्लायकोजेनचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-चपाती तोडली की हा साठा आणि त्याचं पाणी दोन्ही उतरतं. नुसत्या त्यातच दीड-दोन किलोंचा हिशेब लागू शकतो. उलट क्रिएटिन सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात काटा किलोभर वर गेला, तर तेही बहुतेक पाणीच. पेढे वाटायची घाई नको.

शिवाय मोजणीची अचूकता बघा. कॅलिपरने कातडीची घडी चिमटीत धरून काढलेल्या टक्क्यात अनुभवी हातालाही तीन-साडेतीन टक्क्यांची चूक सहज होते. ८० किलोंवर ते अडीच किलो झाले. जिममधलं धातूच्या पट्ट्यांचं यंत्र शरीरातून बारीक वीज सोडून पाण्याचा अंदाज घेतं. त्याआधी कुणी दोन बाटल्या रिचवल्या किंवा घाम गाळला की आकडा हलतो. डेक्सा स्कॅन बरा, पण त्यालाही ‘लीन’मध्ये पाणी आणि स्नायू वेगळे काढता येत नाहीत. एका यंत्राचा आकडा दुसऱ्याशी जुळवून ‘प्रगती’ सांगणारे ट्रेनर त्यामुळेच गमतीदार वाटतात.

एकच वजन, वेगळा माल या गोष्टीचा सगळ्यात बोलका फोटो मात्र पुण्याशी जोडलेला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात किती चरबी लपते याचा तो पुरावा होता. लठ्ठ नाही म्हणजे लीन आहे, हा समज इथल्या नवख्याने विशेष तपासून घ्यावा.

शरीरसौष्ठवात एक आकडा आणखी फिरतो, एफएफएमआय. लीन वजन भागिले उंचीचा वर्ग, वर उंचीची छोटी दुरुस्ती. वरच्या गड्याची उंची १.७५ मीटर धरली तर त्याचा पहिला आकडा साडेबावीसच्या आसपास येतो. १९९५ मध्ये एलेना कौरी, हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १५७ पुरुष खेळाडूंचे असे आकडे काढले. स्टेरॉइड न घेणारे पंचविशीच्या आसपास थांबले, घेणाऱ्यांतले बरेच पुढे गेले. तेव्हापासून पंचवीसचा आकडा जिममध्ये खोटं पकडायच्या यंत्रासारखा वापरला जातो. तो तेवढा कडक नाही. स्टेरॉइडपूर्व काळातल्या ‘मिस्टर अमेरिका’ विजेत्यांची त्याच अभ्यासातली अंदाजित सरासरी २५.४ होती.

मंचावरच्या शरीराची किंमत सांगणारी एक नोंद २०१३ साली प्रसिद्ध झाली. औषधं न घेणाऱ्या एका स्पर्धकाची तयारी आणि नंतरची सहामाही संशोधकांनी टिपली. चरबी १४.८ वरून ४.५ टक्क्यांवर आली. नाडी मिनिटाला ५३ वरून २७ झाली आणि टेस्टोस्टेरॉन ९.२२ वरून २.२७ वर उतरलं. स्पर्धेनंतर महिन्याभरात नाडी ४६ वर आली. चरबी पुन्हा १४.६ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ जिथून निघाली होती तिथेच.