मॉर्निंग ग्लोरीला रात्र हवी

जूनमध्ये पेरलेला मॉर्निंग ग्लोरीचा वेल श्रावणात ग्रिलभर पसरतो, पानं तळहाताएवढी होतात, पण फूल एकही नाही. मग ‘हा नर वेल असणार’ किंवा ‘बीच वांझ निघालं’ म्हणून तो उपटला जातो. या वेलात नर आणि मादी वेगळे नसतातच. एकाच फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही. उपटलेला वेल बहुधा अगदी धडधाकट होता. तो मोठ्या रात्रींची वाट पाहत होता.

मॉर्निंग ग्लोरीच्या बऱ्याच जाती रात्र लांबू लागल्यावरच कळ्या धरतात. आपल्याकडे जून-जुलैत दिवस तेरा तासांहून मोठा असतो. 23 सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात आणि पुढे रात्र वाढत जाते. म्हणून पावसाळा पानांचा आणि नवरात्र ते दिवाळी फुलांची. जपानमध्ये या वेलाला असागाओ म्हणतात. तिथल्या ‘व्हायलेट’ जातीच्या, नुकती बीजदलं उघडलेल्या रोपालाही 16 तासांची एकच रात्र मिळाली तरी फुलोरा ठरतो. आणि त्याच रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं लाल प्रकाश पडला, तर तो ठरलेला फुलोरा रद्द होतो. सगळ्या जाती इतक्या काटेकोर नाहीत. तरी ऑक्टोबर उलटूनही कळी दिसत नसेल, तर आधी बाल्कनीत रात्रभर जळणारा दिवा बंद करून पाहावा, किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा झोत पडणार नाही अशा जागी कुंडी सरकवावी. दिवसा मात्र पाच-सहा तास ऊन हवंच.

उमलण्याचंही तसंच. सूर्य उगवला म्हणून फूल उमलतं असं वाटतं, पण असागाओची कळी घड्याळ लावते ते आदल्या संध्याकाळी: अंधार पडल्यावर साधारण दहा तासांनी ती उघडते. त्यामुळे थंडीच्या तोंडावर, लवकर अंधारतं तेव्हा, तांबडं फुटायच्या आतच फुलं उमललेली दिसतात.

फूल येत नाही म्हटल्यावर खत वाढवायचं, ही दुसरी चूक. युरियाच काय, शेणखतही सढळ घातलं तर वेल पानांवरच जोर काढतो. लावताना मातीत मूठभर गांडूळखत मिसळलं की पुरे.

दुपारी फुलं मिटली की पाणी कमी पडलं असं समजून अनेकजण कुंडीत तांब्या ओततात, आणि मुळं कुजतात. हे मिटणं तहानेचं नव्हे. फुलाचं आयुष्य त्याच्या पेशींतच ठरलेलं असतं. 2014 साली जपानी संशोधकांनी त्यामागचं ‘इफेमरल-1’ हे जनुक शोधलं. त्याचं काम रोखल्यावर फुलं दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली. ढगाळ, गार दिवशी फूल जरा जास्त वेळ उघडं राहतं, एवढाच हवेचा हात.

हायड्रेंजियाच्या अनुभवावरून कुणी मातीत तुरटी घालायला सांगतात, म्हणजे फुलं निळी होतील. इथे तो उपाय चालत नाही. ‘हेवनली ब्लू’ या निळ्या जातीची कळी पहाटे जवळून पाहावी: पीळ दिलेली, जांभळट-लालसर. उलगडताना पाकळीच्या पेशींतल्या रसाचा सामू 6.6 वरून 7.7 वर जातो आणि तोच रंग आकाशी होतो. मिटताना फूल पुन्हा गुलाबी छटेवर येतं. हा सगळा बदल पाकळीच्या आतला. माती त्यात कुठेच नाही.

भिंत खराब होईल ही भीतीही नको. हा वेल भिंतीत मुळं रोवत नाही, दोरीला पीळ घालत चढतो. सुतळी बांधून द्यावी. बी टणक असतं, म्हणून रात्रभर भिजवून थेट मोठ्या कुंडीत पेरावं. मुळं दुखावलेली त्याला सोसत नाहीत.

एका गैरसमजाबाबत मात्र कडक राहायला हवं. रताळं आणि नाळीची भाजी याच वेलाच्या प्रजातीतली, म्हणून हाही खाण्याजोगा, असं मुळीच नाही. ‘हेवनली ब्लू’च्या बियांत अर्गट या बुरशीत असतात तशी विषारी अल्कलॉइडं असतात. ती वेलासोबत राहणारी एक बुरशी तयार करते. 2025 साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातून तिची ओळख जाहीर झाली. म्हणून बोंडं तपकिरी झाली की तडकण्याआधीच काढून, नाव लिहिलेल्या डबीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत. जास्तीचं बी ओढ्याकाठी किंवा माळावर फेकू नये, तिथे ते रुजतं आणि झुडपांवर चढतं.