स्वस्त तिकिटाचें खरें मोल

वसई-विरारकडील माणसास प्रवासाचें नवल वाटूं नये. पहाटेची गाडी पकडून मुंबईस जाणें आणि दिवेलागणीनंतर परत येणें यांतच येथील कित्येकांचें आयुष्य सरतें. आणि शेजारचें सोपारें तर प्राचीन काळीं शूर्पारक या नांवानें दूरदेशींच्या गलबतांस ठाऊक होतें. मध्यंतरीं समुद्रोल्लंघन निषिद्ध ठरलें. विलायतेहून परतलेल्या गृहस्थास प्रायश्चित्त घेतल्यावांचून पंक्तीस बसूं देत नसत, हें आम्हीं आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकिलें आहे. आतां चक्र पुरतें फिरलें. आमच्या आळींतील पांच घरांपैकीं तीन घरांतील मुलें परदेशीं आहेत, आणि मुलीच्या बाळंतपणास आईबाप गेले नाहींत तर उलट तोच दोष मानला जातो. अशा आईबापांसाठीं हा लेख आहे. उपदेशाचा अधिकार आम्हांस शहाणपणानें नव्हे, तर फजितीनें प्राप्त झाला आहे, हें आधींच सांगून टाकतों.

आमची कन्या नेदरलँड्समध्यें आइंडहोवेन येथें असते. सन २०२५ च्या नोव्हेंबरांत तिचे दिवस भरत आले होते. जांवईबापूंनीं तेथील नगरपालिकेंत सही प्रमाणित करवून हमीपत्र पाठविलें. आम्हीं निवृत्तिवेतनाचे व बँकेचे उतारे जोडले. आणि तीन आठवड्यांत उभयतांच्या पासपोर्टांवर व्हिसा उमटला. येथवर सर्व यथासांग झालें. मग तिकिटाची पाळी आली. थेट विमानाचें भाडें पाहून आमचे डोळे फिरले. चार रात्री संगणकापुढें बसून आम्हीं एक मार्ग शोधून काढला: मुंबईहून आखातांतील एक विमानतळ, तेथून लंडन, आणि लंडनहून दुसऱ्याच कंपनीच्या विमानानें अॅमस्टरडॅम. तिकिटें दोन, कंपन्या दोन. परंतु उभयतांचे मिळून १८,००० रुपये वांचत होते. दुपारीं पानांवर बसलेल्या मंडळींस आम्हीं ही वार्ता मोठ्या अभिमानानें सांगितली. धाकट्या भावजयीनें तेवढें विचारिलें, “भाऊजी, लंडनास नऊ तास काय करणार?” आम्हीं उत्तर केलें, “निजूं!”

निघण्याच्या रात्रीं महामार्गावर वर्सोव्याच्या पुलापाशीं वाहनांची रांग लागते हें ध्यानांत घेऊन आम्ही फार आधीं घर सोडलें. सहारच्या विमानतळावर काउंटरवरील मुलीनें पासपोर्ट पाहिले, समोरच्या पडद्याकडे पाहिलें, आणि अदबीनें विचारिलें, “काका, लंडनचा व्हिसा?”

आम्हीं शेंगेन व्हिसा पुढें केला.

“हा तिथें चालत नाहीं, काका. तुमचीं तिकिटें वेगवेगळीं आहेत. लंडनला बाहेर येऊन सामान घ्यावें लागेल, आणि पुन्हां नव्यानें आंत जावें लागेल. बाहेर यायला ब्रिटनचा व्हिसा हवा. तो नसतांना आम्हीं तुम्हांला नेलें तर दंड आम्हांला होतो.”

त्या मुलीचें चुकलें नव्हतें. चूक सर्वस्वी आमची होती. सौभाग्यवतींनीं बाळंतविड्याची पिशवी छातीशीं धरली होती. त्या एक शब्द बोलल्या नाहींत. उजाडतां उजाडतां आम्ही वसईस परत आलों. नवें तिकीट चौथ्या दिवसाचें मिळालें, आणि त्यास वांचविलेल्या पैशांच्या पांचपट मोजावे लागले. तिसऱ्या रात्रींच कन्या प्रसूत झाली. बारशास आम्ही पोहोंचलों, हें भाग्य. परंतु वेणा देतांना लेकीनें जिचा हात धरावयाचा, ती आई त्या घटकेस वसईच्या ओसरीवर मोबाइलकडे डोळे लावून बसली होती. सौभाग्यवतींनीं पुढें एकदांच म्हटलें, “अहो, ते वांचविलेले अठरा हजार कोठें ठेवूं, तेवढें सांगा.”

कागदपत्रांपायीं प्रवास अडणें कांहीं नवें नाहीं. सन १९१८ मध्यें लोकमान्य टिळक व त्यांचे सहकारी होमरूलच्या कार्यास्तव विलायतेस निघाले असतां, कोलंबोपर्यंत गेल्यावर सरकारनें त्यांचे पासपोर्ट रद्द केले व त्यांस परतावें लागलें. लोकमान्यांस राजसत्तेनें अडविलें. आम्हांस आमच्याच लोभानें. वाटेंतील थांबाही नवा नाहीं. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनास निघालें, तें कैरो व जिनिव्हा येथें थांबत गेलें. परंतु तो थांबा एकाच विमानाचा आणि एकाच तिकिटाचा होता. सारें मर्म येथेंच आहे.

संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असला, तर सामान बहुधा मुंबईस दिलें कीं शेवटच्या गांवींच घ्यावयाचें असतें. पहिलें विमान उशिरा पोहोंचून दुसरें चुकलें, तर पुढें नेण्याची जबाबदारी कंपनीची. तिकिटें दोन असलीं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखीं आपण केवळ वेळेवर न आलेला उतारू ठरतों, आणि आपले पैसे बुडतात. स्वस्त दिसणाऱ्या कित्येक मार्गांत हीच मेख असते. संगणकावर ‘सेल्फ ट्रान्स्फर’ असे शब्द बारीक अक्षरांत दिसले, कीं तेथेंच थांबावें.

आतां व्हिसाविषयीं. लक्झेंबर्ग देशांतील शेंगेन या खेड्यानजीक १४ जून १९८५ रोजीं पांच राष्ट्रांनीं करार केला. आज त्या संघांत २९ राष्ट्रें आहेत. एका व्हिसावर त्या सर्वांत फिरतां येतें. म्हणून नेदरलँड्सला जाणाऱ्यानें ब्रुसेल्सचेंही भाडें पाहावें. तेथून पुढें आगगाडी आहे आणि निराळा व्हिसा लागत नाहीं. अर्ज मात्र जेथें अधिक दिवस राहावयाचें त्याच देशाकडे करावा. ब्रिटन या संघांत नाहीं. तेथें भारतीय उतारूस विमानतळाच्या आंतल्या आंत विमान बदलावयाचें तरी सामान्यतः वेगळा परवाना लागतो. अमेरिका, कॅनडा यांसारख्या कांहीं देशांचा चालू व्हिसा असल्यास त्यांतून सूट मिळते. अमेरिकेचा नियम याहून कडक आहे. तेथें केवळ विमान बदलणाऱ्यासही व्हिसा लागतोच. कॅनडांतील मुलाकडे न्यूयॉर्कमार्गें जाणाऱ्यांनीं हें विसरूं नये. उलट दुबई, दोहा, अबूधाबी येथें एकाच तिकिटावर आंतच राहून विमान बदलणारास व्हिसा लागत नाहीं. युरोपांतील देशांचे याविषयींचे नियम बदलत असतात. यास्तव वाटेंतील प्रत्येक देशाच्या वकिलातीचें संकेतस्थळ तिकीट घेण्याच्या दिवशींच वाचावें. शेजाऱ्याचा गतवर्षींचा अनुभव हें प्रमाण नव्हे.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपासून करतां येतो. निदान पंधरा दिवस आधीं तरी तो पोहोंचलाच पाहिजे. निकालास सामान्यतः पंधरा दिवस लागतात, क्वचित् पंचेचाळीसही. जून २०२४ पासून प्रौढांस ९० युरो शुल्क असून तें नकारानंतर परत मिळत नाहीं. अर्जकेंद्राचा आकार वेगळा. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा अवश्य हवा. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याऐवजीं बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानें सुरू झाली, तेव्हां दिवसांच्या हिशेबांत गफलत खपणार नाहीं. पासपोर्टाची मुदत परतीच्या दिवसानंतर तीन महिने उरली पाहिजे. आणि व्हिसा हातीं येण्यापूर्वीं परत न मिळणारें तिकीट घेऊं नये. अर्जास आरक्षणाचा कागद पुरतो.

आतां कोणी म्हणेल, मग काय महाग तेंच घ्यावें? मुळींच नाहीं. काटकसर हा गृहस्थाश्रमाचा पाया आहे. ती जाणतेपणानें करावी, इतकेंच. मे महिना व नाताळची सुटी टाळतां आली तर भाडें पुष्कळ उतरतें. दोन-तीन महिने आधीं पाहूं लागावें. गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनर यांवर महिन्यांतील प्रत्येक दिवसाचें भाडें शेजारीं शेजारीं दिसतें, आणि तें उतरल्यास सूचना मिळण्याचीही सोय आहे. तेथें भाव पाहावा. तिकीट शक्यतों विमान कंपनीकडूनच घ्यावें, म्हणजे बदलाच्या वेळीं दाराशीं दार हिंडावें लागत नाहीं. अमुक वारीं तिकिटें स्वस्त असतात ही आख्यायिका समजावी. तिकीट रद्द झालें आणि मूळ भाडें परत मिळणारें नसलें, तरी भारतीय कंपनीकडे वैधानिक कर व विमानतळाचीं शुल्कें परत मागण्याचा हक्क असतो. तो सोडूं नये.

लांब थांब्याचाही हिशेब मांडावा. दोन तासांचा थांबा वृद्धांस अपुरा, बारा तासांचा असह्य. तीन-चार तास पुरेसे होतात. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर तिकीट काढतांनाच मागावी, संकोच करूं नये. औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातांतील पिशवींत ठेवावीं. शंभर मिलिलिटरहून मोठी तेलाची बाटली हातांत ठेवल्यास बहुतेक विमानतळांवर काढून घेतात. तुपाचा डबा तर घरींच ठेवावा. युरोपांत बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे. आमच्या सौभाग्यवतींनीं तो डबा शेवटच्या क्षणीं पिशवींतून काढला, तेव्हां त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें होतें. लेकीस तेथें लोणी मिळतें, कढवून तूपही होतें, हें त्यांस पुढें तेथें गेल्यावर उमगलें.

यावरून आमचें एकच सांगणें आहे. तिकिटावर छापलेला आंकडा म्हणजे प्रवासाचें मोल नव्हे. त्यांत वाटेंतील व्हिसा, सामानाचा आकार, थांब्यांतील जेवणखाण, परतीच्या मध्यरात्रीं वसईपर्यंतची मोटार, हें सर्व मिळवावें. आणि शेवटीं स्वतःस विचारावें कीं, मार्गांत एक दुवा निखळला तर आपलें काय हुकेल? सहलीस निघालेल्या तरुणाचा एक दिवस हुकेल. त्यानें खुशाल धाडस करावें. ज्यास बाळंतपण, मुंज वा आजारपण गांठावयाचें आहे, त्यानें त्या एका प्रश्नावर चार पैसे अधिक खर्च करावे.

येत्या कार्तिकांत नातवाच्या पहिल्या वाढदिवसास जावयाचें आहे. या खेपेस मार्ग आम्हीं शोधला, परंतु तपासला सौभाग्यवतींनीं. चष्मा लावून, पडद्यावर बोट ठेवून त्यांनीं प्रत्येक ओळ वाचली आणि विचारिलें, “तिकीट एकच ना? वाटेंत कोणता देश?” आम्हीं सांगितलें, तिकीट एकच, दोह्यास साडेतीन तास, बाहेर पडणें नाहीं. भाडें सर्वांत स्वस्त मार्गाहून ६,००० रुपयांनीं अधिक होतें. त्या म्हणाल्या, “घ्या.”