दुडुदुडु चालीची भानगड

शेजारच्यांचं बाळ दहाव्या महिन्यात चालायला लागलं आणि आपलं वर्षाचं झालं तरी ढिम्म? जरा दमानं घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतली बाळं पाहून ठरवलेली मुदत चांगली ऐसपैस आहे: आधाराविना चालायला ८.२ ते १७.६ महिने. आणि शंभरातली चारेक बाळं तर हाता-गुडघ्यांवर रांगलीच नव्हती!

‘वेळ आली की चालेल’ या आजीच्या सिद्धांताला अमेरिकेत संशोधक आर्नल्ड गेसेल भेटले. १९२९ मध्ये त्यांनी जुळ्या बहिणींपैकी एकीला ४६व्या आठवड्यापासून सहा आठवडे पायऱ्या चढायला शिकवलं. दुसरीला ५३व्या आठवड्यापासून जेमतेम दोन. तरी दुसरीनं पहिलीला गाठलंच. मग मर्टल मॅकग्रॉ यांनी जॉनी आणि जिमी ही जुळी घेतली. तालमीत तयार झालेला जॉनी दीड वर्षाचा व्हायच्या आत चाकांच्या बुटांवर घसरत फिरू लागला. चालायला मात्र दोघं साधारण एकाच सुमारास लागले.

खरी गंमत संशोधक एस्थर थेलन यांची. तान्ह्या बाळाला काखांत हात घालून धरून पाय जमिनीला टेकवले, की ते पावलं टाकल्यासारखं करतं. दोनेक महिन्यांत हे बंद होतं. मेंदू पिकतोय म्हणून, असं जाणकार सांगत. थेलन यांना ते पटेना, कारण तेच बाळ उताणं पडून तश्शाच लाथा झाडत होतं. त्यांनी बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं, तर पावलं परत हजर! पायांना चिमुकली वजनं बांधली, तर कमी. म्हणजे मेंदूबिंदू राहू दे बाजूला, बाळसं धरलेल्या मांड्याच उचलवत नव्हत्या.

पण शिकवणंही अगदीच वाया जात नाही. केनियातल्या किप्सिगिस जमातीतल्या आया बाळांना बसायला, चालायला मुद्दाम शिकवतात. ती बाळं त्यात पुढे असतात. रांगायला कुणी शिकवत नाही, तिथे आघाडीही नाही.

न्यूयॉर्कच्या संशोधक कॅरन अॅडॉल्फ यांनी तर पावलंच मोजली. नुकतं चालू लागलेलं आणि सरावलेलं अशी सगळी बाळं धरून सरासरी तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा धप्प! त्यांनी उतरणीही करून पाहिल्या. मुरलेलं रांगणारं बाळ तीव्र उतार दिसला की थबकतं. तेच बाळ नव्यानं चालायला लागलं, की त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकतं. झेलायला माणूस उभा असतो म्हणून बरं.