घरात मांजर आणायचं, पण कोणतं?

आज आपण बोलणार आहोत मांजराबद्दल. हसू नका, विषय घरोघरचा आहे. मोबाईलवर झुबकेदार केसांचं, चपट्या नाकाचं मांजर दिसतं आणि पोरं हट्ट धरतात, "आई, आपल्याला असलंच पाहिजे." ते पर्शियन मांजर. इकडे आजी म्हणते, "शेजारच्या मांजरीला चार पिल्लं झालीत, त्यातलं एक आणा की. पैसे कशाला घालायचे?" दोघांचंही ऐकून घेऊ आणि मग ठरवू.

माणूस आणि मांजर यांची सोबत जुनी आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आलं. तेच हळूहळू घरचं झालं. आपलं गावठी मांजर आजही त्याच कामाचं आहे. पर्शियन मांजराची गोष्ट वेगळी. पर्शिया म्हणजे आजचा इराण. तिकडची लांब केसांची मांजरं सतराव्या शतकात युरोपात गेली. तिथल्या हौशी लोकांनी निवडून निवडून त्यांचे केस आणखी लांब आणि चेहरा आणखी चपटा केला. म्हणजे एक मांजर कामातून घडलं, दुसरं हौसेतून.

आता आपल्या घराशी ताडून बघू.

पहिली गोष्ट उन्हाची. सोयगावात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. घरावर पत्रे, त्यात वीज गेलेली. गावठी मांजराचे केस आखूड. ते माठाखालच्या ओलीत नाहीतर जोत्याच्या सावलीत पडून दिवस काढतं. पर्शियन मांजराच्या अंगावर जणू घोंगडी असते आणि चपट्या नाकामुळे त्याला धड धापाही टाकता येत नाही. अशा उन्हात त्याच्या जिवावर बेतू शकतं.

दुसरी गोष्ट निगेची. पर्शियन मांजराचे केस रोज विंचरावे लागतात. दोन-चार दिवस चुकले की जटा होतात आणि खालची कातडी खराब होते. डोळ्यांतून पाणी वाहतं, ते रोज पुसावं लागतं. गावठी मांजर आपलं अंग आपणच चाटून स्वच्छ ठेवतं. इथं एक प्रश्न घरात मोठ्यानं विचारायला हवा, की हे रोजचं काम कोण करणार? पोरांची हौस आठ दिवसांची. नंतर कंगवा, वाटी आणि शीची परात कोणाच्या हातात येते, ते आपल्याला ठाऊक आहे. मांजर बारा-पंधरा वर्षं जगतं, हे धरून उत्तर द्या.

तिसरी गोष्ट खाण्याची. मांजर जात्याच मांसाहारी आहे. मांस-मासळीत टॉरिन नावाचा घटक असतो. तो मिळाला नाही तर मांजराची नजर जाते, हृदय कमजोर होतं. नुसत्या दूध-भाकरीवर त्याचं भागत नाही, आणि मोठ्या मांजराला पुष्कळदा दूध पचतही नाही, हगवण लागते. गावठी मांजर उंदीर मारून ही तूट भरून काढतं. घरात कोंडलेलं पर्शियन मांजर मात्र पूर्णपणे आपल्यावर अवलंबून. माळकरी घरात त्याच्यासाठी विकतचं खाद्य दर महिन्याला आणावंच लागेल.

चौथी गोष्ट पैशाची. पर्शियन पिल्लू काही हजारांना मिळतं, गावठी फुकट. शिवाय पर्शियन जातीत मूत्रपिंडाचा आजार आई-बापाकडून पिल्लात उतरतो, तो विकत घेताना दिसत नाही.

पर्शियन मांजर वाईट नाही. ते शांत असतं, फार उड्या मारत नाही, एका खोलीत रमतं. शहरातल्या थंड, बंद घराला ते शोभतं. तरीही आणायचंच असेल तर अगदी चपट्या तोंडाचं घेऊ नका. ज्याला बाजारात डॉल फेस म्हणतात, ते थोड्या लांब नाकाचं घ्या. त्याला श्वास घेणं सोपं जातं. उन्हाळ्यात पशुवैद्यकाला विचारून केस कमी करून घ्या. मांजर कोणतंही असो, पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडू नये.

आमचं मत विचाराल तर सोयगावच्या घराला गावठी मांजरच बरं. पण फुकट मिळालं म्हणून वाऱ्यावर सोडायचं नाही. वाचलेल्या पैशातून चार गोष्टी करायच्या.

एक, पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग पशुवैद्यक सांगतील तेव्हा पुन्हा. मांजरानं चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लगेच सरकारी दवाखाना गाठायचा.

दोन, पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदी. मांजरी दोन महिन्यांत विते, वर्षातून दोन-तीनदाही. मग पिल्लं पोत्यात भरून गावाबाहेर सोडण्याचं पाप कोणाच्या तरी माथी येतं. ते टाळता येतं.

तीन, गरोदर बाईनं मांजराची शी काढू नये. तिच्यातून पोटातल्या बाळाला अपाय करणारा जंतू येऊ शकतो, आणि उंदीर खाणाऱ्या मांजरात तो जास्त सापडतो. दुसऱ्यानं रोजच्या रोज शी काढावी. सुनेला मांजर सोडायला लावू नका, ते काम सोडवा.

चार, घरात मांजर असेल तर उंदरांना विष घालू नका, पिंजरा लावा. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर तेही मरू शकतं. आणि आपल्या डब्यातली तापाची गोळी त्याला कधीच देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखी आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा विषय काढा. कोणाकडे पिल्लं आहेत, कोणाला हवीत, त्याची यादी करा. लस आणि नसबंदीसाठी चार-पाच जणींनी मिळून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. आणि पोरांना सांगा, मांजर जरूर आणू, पण त्याची परात तुम्ही साफ करायची. तिथं जो हो म्हणेल, त्याच्या हातात पिल्लू द्या.