तिशीतली ऑटिझम तपासणी
ईदच्या गर्दीतून उठून आतल्या खोलीत जाऊन बसणाऱ्या, कुकरच्या शिट्टीला कान झाकणाऱ्या मुलाला आपण ‘घुम्या’ म्हणून सोडून देतो. तिशीत तोच ऑटिझमची तपासणी करायची म्हणाला, की आपण विचारतो, आता कशाला? ऑटिझम मोठेपणी जडत नाही, लहानपणापासूनच असतो. त्याची रक्तचाचणी नाही. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ बालपण विचारतात. बोलायला कधी लागला, कुणाशी खेळायचा? हे त्याला कसे आठवणार? अम्मीला आठवते.

२०१६च्या कायद्यात ऑटिझम अपंगत्वांच्या यादीत आहे; किमान ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर सरकारी नोकरीत राखीव जागाही मागता येते. ‘निकाह होईपर्यंत गप्प राहा’ असे सांगणारे भेटतातच. आम्हाला ते मुळीच पटत नाही. मुलीकडच्यांनाही कळायला हवे.

तपासणीला अम्मीने सोबत जावे. त्या हयात नसतील तर मोठी आपा, नाहीतर खाला.