स्टेशन बेलापूर, शहर श्रीरामपूर आणि लिनक्सवरचे गेम

दौंड–मनमाड लोहमार्गावर ‘बेलापूर’ नावाचे स्टेशन आहे. ते बेलापुरात नाही, श्रीरामपूर शहरात आहे. प्रवरेकाठचे बेलापूर गाठायला तिथून पुढे रस्त्याने जावे लागते. मुंबईकडच्या माणसाला तर बेलापूर म्हटले की नवी मुंबईच आठवते. नुसत्या पाटीवरून ठिकाण ठरवले की फसगत होते, हे या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. संगणक घेताना मात्र हे शहाणपण बाजूला राहते आणि ‘लिनक्स’ ही पाटी दिसताच ‘यावर गेम चालत नाहीत’ असा निकाल लागतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. कितीतरी जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा घरात उबुंटू किंवा मिंट असे लिनक्सचे वितरण टाकायचा विचार निघतो आणि मुलांच्या गेमपाशी अडतो. म्हणून हा निकाल तपासून पाहिला पाहिजे.

एके काळी तो बराचसा खरा होता. गेम विकत घेऊन चालवण्याचे व्हॉल्व्ह कंपनीचे सॉफ्टवेअर, स्टीम, २००३ मध्ये आले, पण लिनक्ससाठी ते अधिकृतपणे मिळायला १४ फेब्रुवारी २०१३ उजाडले. त्यानंतरही, ज्या गेमची लिनक्स आवृत्ती निर्मात्याने स्वतः काढली असेल तेवढेच चालत. चित्र पालटले ऑगस्ट २०१८ मध्ये, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे प्रोटॉन स्टीममध्ये आल्यावर. प्रोटॉनचा पाया ‘वाइन’ हा १९९३ पासून चालत आलेला मुक्तस्रोत प्रकल्प. विंडोजसाठी लिहिलेला गेम विंडोजकडे ज्या मागण्या करतो (फाइल उघड, आवाज दे, पडद्यावर चित्र काढ) त्या मागण्या वाइन लिनक्सला कळतील अशा करून पुढे पाठवते. चित्र काढण्याच्या विंडोजच्या डायरेक्टएक्सच्या आज्ञा लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनच्या आज्ञांत बदलण्याचे काम डीएक्सव्हीके आणि व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन करतात. मध्ये दुभाषा आला म्हणजे वेग पडणारच, अशी शंका इथे येते. पण हे अख्ख्या दुसऱ्या संगणकाची नक्कल करणे नव्हे. गेमचा मूळ कोड प्रोसेसर थेटच चालवतो, बदल होतो तो फक्त या मागण्यांचा. त्यामुळे पुष्कळ गेममध्ये वेगातला फरक जाणवत नाही. पहिल्यांदा खेळताना चित्र अडखळते ते बहुतेक शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असल्यामुळे, आणि स्टीम ते काम शक्य तिथे आधीच उरकून ठेवते. २०२२ मध्ये बाजारात आलेले स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र आर्च लिनक्सवर आधारलेल्या स्टीमओएसवर चालते. म्हणजे लिनक्सवर गेम चालणे ही आता व्हॉल्व्हच्या स्वतःच्या धंद्याची गरज आहे.

मग काहीच अडत नाही का? अडते, आणि हा आक्षेप मनापासून मान्य करायला हवा. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये लबाडी पकडणारे अँटी-चीट सॉफ्टवेअर असते. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडले, पण कडी निर्मात्याच्या हातात राहिली. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजेंड्स चालत असे. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर निर्मात्यांनी लिनक्सवाल्यांना बंदी केली. उलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या लिनक्स आवृत्त्याच आहेत. इथे अडसर तंत्राचा कमी आणि निर्णयाचा जास्त आहे, म्हणून प्रश्न ‘लिनक्सवर गेम चालतात का’ असा न विचारता ‘हा गेम चालतो का’ असा विचारावा. घरातला मुलगा रोज व्हॅलोरंटच खेळत असेल, तर त्याच्यासाठी विंडोज ठेवणेच योग्य.

स्टीम बसवायला टर्मिनलमध्ये पानभर कमांड लिहाव्या लागतात, हाही समजच. उबुंटूवर स्टीमच्या संकेतस्थळावरचे डेब पॅकेज उतरवून उघडले की पुरते. अडचणी येतात त्या दुसरीकडून. उबुंटूच्या ॲप सेंटरमधून येते ते स्नॅप पॅकेज, ते व्हॉल्व्हचे नाही; त्यात बिघाड झाला की दोष लिनक्सच्या माथी येतो. ३२ बिटांच्या लायब्ररींचेही तसेच: आजचे प्रोसेसर ६४ बिटांचे असले तरी जुन्या गेमना त्या लागतात. जून २०१९ मध्ये उबुंटूने त्या काढून टाकायचे जाहीर केले, व्हॉल्व्हने उबुंटूचा आधार सोडण्याची तयारी दाखवली आणि थोड्याच दिवसांत उबुंटूने पाऊल मागे घेतले. विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवर आधीच उतरवलेले गेम लिनक्समधून चालवण्याचा मोहही टाळावा, प्रोटॉनला तिथे अडचणी येतात. गेम लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनवर ठेवावेत.

जुन्या यंत्रात लिनक्स नवा जीव ओततो, या म्हणण्यात उत्साहाच्या भरात अतिशयोक्ती होते. रोजची कामे हलकी होतात हे खरे, पण ग्राफिक्स चिप तीच राहते. डीएक्सव्हीकेच्या २.० पासूनच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते आणि इंटेलच्या चौथ्या पिढीच्या ग्राफिक्सला ते पेलत नाही. अशा लॅपटॉपवर जुने, हलके गेमच धरावेत. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर कंपनीचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. एएमडी आणि इंटेलचे मेसा ड्रायव्हर बहुतेक वितरणांत आधीच असतात.

तत्त्वाचा आक्षेपही आहे: स्टीम स्वतः मुक्तस्रोत नाही, मग मुक्त प्रणालीवर ते आणायचे कशाला? मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी २०१२ मध्येच यातला लाभ आणि धोका दोन्ही मांडले होते आणि असे गेम खेळायचेच असतील तर विंडोजपेक्षा जीएनयू/लिनक्सवर खेळलेले बरे, असे म्हटले होते. मला हे पटते. वाइनला, मेसाला आणि डीएक्सव्हीकेला व्हॉल्व्हच्या पैशाने जे बळ मिळाले ते स्टीम न वापरणाऱ्यांच्याही उपयोगी पडले आहे.

विंडोज पुसण्याआधी घरातल्या गेमची यादी काढून एकेक नाव प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर पाहावे. तिथे खेळणाऱ्यांनी आपापल्या संगणकाच्या तपशिलासह अनुभव नोंदवलेले असतात. विकत घेतलेला गेम तरीही चालला नाही, तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असताना स्टीमकडे पैसे परत मागता येतात.