अध्यक्षपदाची दहा वर्षे

शिरूर तालुक्यातील न्हावरे येथील रावसाहेबदादा पवार घोडगंगा सहकारी साखर कारखान्याचे गाळप 2023-24 च्या हंगामात झालेच नाही. शिवारात उभा असलेला ऊस बाहेरच्या कारखान्यांच्या दारी गेला. पुढे 2024 च्या विधानसभा निवडणुकीत कारखाना कुणामुळे बंद पडला, यावर गावोगावी सभा गाजल्या. दीर्घकाळ कारखान्याची धुरा वाहिलेले अशोक पवार त्या निवडणुकीत ज्ञानेश्वर कटके यांच्याकडून पराभूत झाले. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवले. सहकारी संस्थेच्या अध्यक्षाने खुर्चीवर किती वर्षे बसावे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. मला तोच मुळाचा वाटतो.

राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीला मर्यादा असावी का, यावर जगभर वाद झाले आहेत. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन दोन कारकिर्दींनंतर स्वतःहून बाजूला झाले आणि तो पायंडा जवळजवळ दीडशे वर्षे टिकला. फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, तेव्हा 1951 मध्ये घटनादुरुस्ती करून दोनची मर्यादा कायद्यात आणावी लागली. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या मसुद्यात राष्ट्रपतीला फक्त एकदाच फेरनिवडणूक लढवता येईल, अशी तरतूद होती. घटना समितीत ती गळाली आणि आजच्या अनुच्छेद 57 मध्ये असे बंधन नाही. तरी डॉ. राजेंद्रप्रसादांखेरीज कुणीही दुसऱ्यांदा राष्ट्रपती झाले नाही. बंधन गळाल्याने फारसे बिघडले नाही, कारण आपला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो आणि त्याला निवडून देणारे आमदार-खासदार पोटापाण्यासाठी त्याच्यावर अवलंबून नसतात.

कारखान्याच्या अध्यक्षाचे तसे नसते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला, तर तो तुटायला पुढच्या वर्षीचा दिवाळीनंतरचा हंगाम उजाडतो. एवढे दिवस शेतकऱ्याने पाणी, खत, सोसायटीचे पीककर्ज, सगळे त्या एका पिकात घातलेले असते. नोंद कुठल्या तारखेची लागली, तोड कधी मिळाली, टोळी आपल्या बांधावर आधी आली की शेजाऱ्याच्या, यावर त्याचे वर्ष ठरते. तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटते, खोडवा मागे पडतो आणि कालव्याचे आवर्तन संपत आलेले असते. कारखान्याच्या चिटबॉयने नोंदीच्या कागदावर काय लिहिले, हे त्या घरापुरते मंत्रालयातल्या निर्णयाहून मोठे ठरते. मुलाची कारखान्यातली नोकरी, वाहतुकीचा करार, नव्या सभासदाचा शेअर मंजूर होणे, ही कामेही कारखान्याच्याच कचेरीतून होतात. हाच शेतकरी पाच वर्षांनी मतपेटीपाशी येतो. निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण घेते, पण मतदारयादी संस्थेच्याच सभासद नोंदवहीतून निघते. ज्याच्या हाती नोंदवही आणि तोडही, त्याच्याविरुद्ध मत देणे म्हणजे आपल्याच उसाला वाऱ्यावर सोडणे, अशी धास्ती मनात असली तर त्या माणसाला दोष कसा द्यायचा? मतदार असा बांधलेला असतो म्हणूनच कालमर्यादेची गरज दिल्लीपेक्षा न्हावऱ्याला जास्त आहे, असे माझे मत आहे.

कायद्याला हे सुचले नव्हते असे नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधील कलम 73-अ नेमके याच विषयाचे आहे. एकाच वेळी अनेक मोठ्या संस्थांची अध्यक्षपदे एका माणसाकडे नकोत आणि एकाच संस्थेचे अध्यक्षपद सलग दहा वर्षांहून अधिक काळ नको, हा त्याचा गाभा. पण बंधन आहे ते व्यक्तीवर. तिच्या जागी तिच्याच घरातले कुणी बसले तर कलमाला हरकत नाही. घोडगंगेत 2022 च्या निवडणुकीनंतर अध्यक्षपद अशोक पवार यांचे चिरंजीव ऋषिराज यांच्याकडे आले. दौंडमध्ये सुभाषअण्णा कुल, रंजनाताई कुल आणि राहुल कुल अशी एकाच घरातील तीन माणसे विधानसभेत गेली. पाटसच्या भीमा सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपदही राहुल कुल यांच्याकडे. तो कारखाना 2022 मध्ये कर्नाटकातील निराणी उद्योगसमूहाला भाडेतत्त्वावर द्यावा लागला. यांपैकी काहीच बेकायदा नाही. सभासदांनी मते दिली म्हणूनच ही माणसे निवडून आली. पण दहा वर्षांची रेघ ओढणाऱ्याने घराच्या उंबरठ्याचा विचार केला नव्हता, हे उघड आहे.

बँकांच्या बाबतीत रेघ जास्त ठळक झाली. 2020 मध्ये बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांच्या संचालकांनाही सलग आठ वर्षांची मर्यादा आली. 2025 मध्ये ती दहा वर्षांवर नेली गेली. पुणे जिल्हा मध्यवर्ती बँकेत अजित पवार 1991 पासून संचालक होते आणि 2023 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. दौंडचे माजी आमदार रमेश थोरात यांनीही या बँकेचे अध्यक्षपद बराच काळ सांभाळले. बँकेत दुसऱ्याचा पैसा आहे म्हणून रिझर्व्ह बँक डोळ्यांत तेल घालून बसते. कारखान्यातही शेतकऱ्याचा घाम आणि शेअरची रक्कम आहे, पण तिथे तशी नजर नाही.

मर्यादा नको म्हणणारी दुसरी बाजूही दुबळी नाही. लोणीच्या प्रवरानगर कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, उपाध्यक्ष विठ्ठलराव विखे पाटील. नव्या धंद्याला जम बसवायला वर्षे लागतात, हे त्या काळी कुणाला पटवून द्यावे लागले नसेल. तेव्हाच्या नगर जिल्ह्यात हिवरेबाजारला पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले. पाणलोटाची कामे एका पंचवार्षिकात पुरी होत नाहीत. ती वर्षानुवर्षे धरून ठेवणारा माणूस लागतो. उलट जिल्हा परिषदेत अध्यक्षाला अडीच वर्षेच मिळतात आणि पुढच्या वेळी आरक्षण बदलते. खाते समजेपर्यंत मुदत संपते, मग फाईल अधिकाऱ्याच्या मर्जीने चालते. 2022 नंतर तर निवडणुकाच लांबल्या आणि पुणे जिल्हा परिषदेवर प्रशासक बसला. म्हणजे मुदत इतकी आखूडही नको की निवडून आलेला माणूस पाहुणाच राहावा. दहा वर्षे हा आकडा मला रास्त वाटतो. दोन पंचवार्षिकांत हेतू असलेल्या माणसाला कारखान्याचे विस्तारीकरण, डिस्टिलरी, सहवीज प्रकल्प, सारे उभे करता येते.

आकड्यापेक्षा त्याच्या भोवतालचे कुंपण महत्त्वाचे. दहा वर्षांनंतरच्या एका मुदतीसाठी पती-पत्नी, मुले, सुना, भाऊ यांनाही अध्यक्षपदाला मज्जाव असावा; संचालक म्हणून निवडून यायला हरकत नको. सभासद नोंदवही अध्यक्षाच्या कार्यालयातून काढून प्राधिकरणाच्या देखरेखीखाली ठेवावी. आणि गटवार नोंदीच्या तारखा व त्यानुसार दिलेली तोड दर आठवड्याला गावच्या चावडीवर, सोसायटीच्या फलकावर लावावी. मोबाईलवर सातबारा दिसतो त्या काळात याला खर्च नाममात्र येईल. नोंद पंधरा जुलैची, तोड मात्र मार्चमध्ये, आणि शेजारच्या गटात ऑगस्टची नोंद असून डिसेंबरात ट्रॅक्टर उभा, हे फलकावर सगळ्या गावाला वाचता आले, तर वार्षिक सभेत उठून जाब विचारायला कुणाच्या परवानगीची गरज पडणार नाही.